खालचं फाटक

ता. ९ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

अठ्ठावन्न वर्षांच्या सहाफुटी माणसाला टिल्लू म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा तेवढं खपवून घे. फोन करत जा म्हणतोस, पण माझं कानातलं यंत्र फोनशी भांडतं, नुसती शिट्टी ऐकू येते. आपलं पत्रच बरं.

तुमच्या नगरपालिकेनं शहराचा इतिहास लिहायला सांगितल्यापासून माझे दिवस इथल्या दफ्तरखान्यात जातात. दहाला जाऊन बसते, पाचला शिपाई खिडक्या लावायला लागला की उठते. दिवसभरात त्याच्याशी दोन वाक्यं होतात, एक जाताना, एक निघताना. घरी आलं की तीही नाहीत.

काल नव्वद वर्षांपूर्वीची एका बैठकीची वही हाती लागली. तुझं पंपघर नुकतंच बांधून झालं होतं. शहराचं पावसाचं पाणी दोन नाल्यांनी तुझ्या विहिरीत येतं, एक नाला वरच्या पेठेचा, दुसरा खालच्या वस्तीचा, आणि मध्ये रस्त्याचा उंच बांध. पंपांना पाणी आवरेना तर एका नाल्याचं फाटक बंद करावं लागणार, म्हणजे त्या भागाचं पाणी तिथंच तुंबणार. कुठलं करायचं, यावरची चर्चा अर्ध्या पानात आटोपली आहे. 'खालचे आधी बंद करावे. तेथील नुकसान किरकोळ.' खाली सही, शिक्का. त्याच वहीत चार पानं मागे असंही आहे की ती वस्ती मुळात टेकडीवर होती. बंगल्यांना जागा हवी म्हणून तिला उचलून खोलगटात आणून बसवलं.

तोच नियम अजून तुझ्या भिंतीवर आहे ना? अकरा वर्षांपूर्वीच्या पुरात तू कामावर होतास. त्या दिवशी खालचं फाटक किती वाजता बंद झालं ते कळव. नोंदवहीत असेलच. माझं एक प्रकरण त्यावाचून अडलं आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. पंपांशी संसार मांडलास तरी ते तुला ताट वाढणार नाहीत.

कळावे. माया आहे तशी राहू दे.
ताई

ता. १७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. हे इतिहासकार बाईंचं पत्र आहे, ताईचं नाही, हे तिसऱ्या वाचनात कळलं.

अकरा वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की टिल्लू, त्या दिवशी तुझं काय झालं. आता विचारलंस ते किती वाजता.

लिहून घे. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. चारही पंप चालू होते आणि विहिरीतलं पाणी धोक्याच्या लाल रेघेच्या हातभर वर गेलं होतं. साहेबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, भिंतीवर काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. मग मला कशाला विचारतोस, म्हणाले आणि फोन ठेवला. मी फाटकाचं चाक फिरवलं. बेचाळीस फेरे लागतात. मोजायचे नसतात, पण मोजले गेले.

पेठेच्या कोपऱ्यावर शिलाई मशीन घेऊन बसायच्या त्या बाई तुला आठवणार नाहीत. माझ्या खाकी पँटी त्याच लांब करून द्यायच्या आणि मला उंट म्हणायच्या. शेवटच्या वर्षी गुडघे गेले म्हणून घरीच असायच्या, वस्तीत तळमजल्यावर. मुलगी कामावर गेली होती. पाणी ओसरल्यावर त्या खाटेखाली सापडल्या. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

तुझं प्रकरण आता अडणार नाही.

तब्येत बरी आहे. पाऊस अजून बेताचा आहे. लोभ असतोच, आज मागत नाही.
टिल्लू

ता. ३० जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस दफ्तरखान्यात गेले नाही. शिपाई म्हणे काळजीत पडला होता. चुकले रे. चाळीस वर्षं मेलेल्या माणसांना प्रश्न विचारत आले. ती रागावत नाहीत, त्यामुळे जिवंत माणसाला कसं विचारायचं तेच विसरले. आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

मधल्या दिवसांत तुमच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं होतं. येऊनही तुझ्याकडे आले नाही, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. ते प्रकरण गाळा, म्हणाले. निसर्गाचा कोप सगळ्यांवर सारखाच होतो, त्यात राजकारण कशाला आणता. मी म्हटलं, पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो हे कबूल, पण पडलेलं पाणी आपण आखून दिलेल्या वाटेनं जातं, आणि ती वाट कुणी आखायची यालाच राजकारण म्हणतात. शिवाय पाऊसही आता तो राहिलेला नाही. तुमच्याच वार्षिक अहवालांतले आकडे मी वर्षवार मांडलेत. पहिल्या साठ वर्षांत ते फाटक दोनदा बंद केलं गेलं, नंतरच्या तीस वर्षांत नऊदा. हवा तापली, ढगांची रीत बदलली, नियम तेवढा जागचा हलला नाही. आणि ज्यांच्या गाड्यांनी, कारखान्यांनी हवा तापवली त्यांची घरं टेकडीवर आहेत. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं, दुसरा चहा मागवला आणि परत म्हणाले, गाळा. मी नाही म्हणून उठले.

प्रकरणाची प्रत सोबत पाठवते आहे. तुझं नाव कुठंही येऊ दिलेलं नाही, निर्धास्त राहा.

या खेपेला ताई म्हणून विचारते. झोप लागते का?

कळावे. राग निवळला असेल तर लोभ कर.
ताई

ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झोप लागते, पण फेरे मोजत लागते. विचारलंस, बरं वाटलं.

प्रकरण वाचलं. मला पुस्तकातलं फार कळत नाही, पण हे कळलं. एका वाक्याशी मात्र अडलो. 'तीन वाजून वीस मिनिटांनी फाटक बंद झालं.' ताई, फाटक आपोआप बंद होत नाही. मी सातवीत असताना तूच मला वर्तमानपत्र वाचायला शिकवलंस. 'आदेश देण्यात आला', 'लाठीमार झाला' असं दिसलं की विचारायचं, कुणी? माझी पाळी आली तेव्हाच तुझी लेखणी बोबडी का झाली?

नाव घाल. साहेबांचं घाल, नियम करणाऱ्या त्या जुन्या बैठकीतल्यांची घाल, त्यांच्या खाली माझं. मी चाक फिरवलं असं सरळ लिही.

साहेब मला म्हणाले, बहिणीला चार शब्द समजावून सांगा. मी म्हटलं, ते आमच्या घरात आजवर कुणाला जमलेलं नाही.

कळावे. या धाकट्यावर जीव असू दे.
टिल्लू

ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उजव्या हाताला पट्टी आहे, अक्षर समजून घे.

परवा दुपारी दोन वाजता आभाळ फाटलं. दोन तासांत महिन्याचा पाऊस. तीनला पाणी लाल रेघेला लागलं. मी साहेबांना फोन केला नाही. आधी पोलीस चौकीला केला आणि सांगितलं की पेठेत पाणी भरणार आहे, माणसं वरच्या मजल्यांवर न्या. त्यांना अर्धा तास दिला. तेवढ्या वेळात पंपघरात माझ्या पोटऱ्यांपर्यंत पाणी चढलं. मग वरचं फाटक बंद केलं. त्याचं चाक कुणी कधी फिरवलेलंच नाही, गंजून बसलं होतं. पहार घालून एकेक फेरा काढला. तळहात सोलून निघाले.

पेठेत कमरेएवढं पाणी आलं. दुकानांतला माल गेला, बंगल्यांच्या तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. माणूस कुणीही दगावलं नाही, हे मी स्वतः फिरून विचारलं. खालच्या वस्तीत पावलं बुडतील इतकंच पाणी होतं.

नोंदवहीत लिहिलं, 'वरचे फाटक मी बंद केले', आणि सही केली. काल निलंबनाचा कागद आला. पंपघरामागच्या दोन खोल्या आठवड्यात सोडायच्या आहेत. एकतीस वर्षांचं सामान दोन ट्रंकांत बसलं, याचंच नवल वाटलं.

तू सांगितलंस म्हणून मी हे केलं असं मनात आणू नकोस. तू सांगितलं नव्हतंसच.

कळावे. लोभाची आज जरा जास्तच गरज आहे.
टिल्लू

ता. १४ सप्टेंबर

चि. टिल्लूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बरं नाही का म्हणून विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलल्या. मी त्यांना सगळं सांगत सुटले, त्या बिचाऱ्या घाबरून भाजीची पिशवी तिथंच विसरून गेल्या.

मूर्खा, हातांना मलम लाव. आणि इकडे निघून ये. मागच्या खोलीतली पुस्तकं हलवते, खाट आहेच. माझं म्हणशील तर नगरपालिकेनं पुस्तकाचं काम काढून घेतलं. हस्तलिखित परत आलं, दोरीची गाठही सोडलेली नव्हती. तुझी चौकशी लागेल तेव्हा मात्र मी येणार आणि नव्वद वर्षांपूर्वीची ती वही चौकशी समितीसमोर वाचून दाखवणार. नको म्हणू नकोस.

दोघं मिळून राहू. भांडायला तरी कुणी होईल.

कळावे. जीव सांभाळ, त्यात माझाही आहे.
ताई

ता. ५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशीत तू बोललीस ते सगळ्यांनी माना डोलावून ऐकलं. निकाल काल आला. सक्तीची निवृत्ती. आणि भिंतीवरचा नियम नवीन काच घालून परत टांगलाय, असं कळलं.

तुझ्याकडे येत नाही, रागावू नकोस. मी खालच्या वस्तीत खोली घेतली आहे. तळमजल्याची आहे, ती कुणी घेत नाही म्हणून लगेच मिळाली. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर जुन्या पुराची ओल आहे, दोनदा रंग दिला तरी वर येते. मी पालिकेतून निवृत्त झालो एवढंच इथं ठाऊक आहे.

समोरच्या खोलीत त्या शिवणाऱ्या बाईंची मुलगी राहते. आता तीही घरीच शिवते. उंबऱ्याशी बसून काजं करता करता परवा म्हणाली, काका, यंदा पाऊस पेठेवरच कोसळला, आमच्याकडे नावालाच पडला, नाहीतर आम्हीही माळ्यावर चढलो असतो. शेजारीपाजारी सगळे हो म्हणाले. मीही मान हलवली आणि खोलीत येऊन बसलो.

ताई, यांना सांगू का? कशाला सांगायचं तेच कळत नाही. तू असली कोडी सोडवत आलीस.

कळावे. लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी लिहून कळव.
टिल्लू

ता. १३ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

लोभ आहे. लिहून कळवलं.

पाऊस कमी पडला असं त्यांना वाटणारच. बुडालेल्यांची नोंद दफ्तरात मिळते, न बुडालेल्यांची कुठंच नसते. ती मी करीन, पुस्तक कुणी छापो न छापो.

तू मात्र सांग. पण क्रमानं सांग. आधी अकरा वर्षांपूर्वीचं, मग यंदाचं. यंदाचं आधी सांगितलंस तर लोक आभार मानतील, तुला डोक्यावर घेतील, आणि पहिलं सांगायचं राहून जाईल. मी आयुष्यभर हेच पाहत आले. उलट्या क्रमानं सांगितलेल्या इतिहासात पुतळे फार होतात.

आणि सगळ्यांना नको. आधी त्या मुलीला.

मला इथून सांगणं सोपं आहे, हे कळतं मला.

कळावे. मन घट्ट कर आणि मला विसरू नकोस.
ताई

ता. ८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. क्रमानंच सांगायला घेतलं, पण यंदाच्यापर्यंत पोचलोच नाही.

ती कुणाचा तरी शर्ट शिवत होती. मी उभ्यानंच सुरुवात केली, पंपघर, साहेबांचा फोन, तीन वीस, चाक. तिनं मशीन थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, जा. मी काही बोलायला गेलो, तर परत तेवढंच म्हणाली, आवाज न चढवता. मी निघून आलो.

तासाभरात वस्तीभर झालं. आज बारावा दिवस. नळावर मी गेलो की रांग गप्प होते, पण माझा हंडा कुणी बाजूला काढत नाही. किराणावाला सामान देतो, बोलत नाही. यंदाचं कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगेन, आपण होऊन नाही. आत्ता सांगितलं तर ते सौदा केल्यासारखं होईल. तुला पटेल ना? खोली सोडायचा विचार एकदा आला होता, ट्रंक ओढलीही होती, मग परत खाटेखाली सरकवली. यांनी एवढ्या वर्षांत कुठं सोडली?

झोप लागते आहे, ताई. फेरे मोजावे लागत नाहीत. एवढंच एक झालं.

पुढच्या आठवड्यात येते असं मधल्या कार्डात लिहिलंस, ये. स्वेटर आण, तळमजला गार आहे. पत्ता शोधत बसू नकोस. बसमधून उतरलीस की समोर दिसेल त्याला विचार. मला आता इथं सगळे ओळखतात.

वाट पाहतो.
टिल्लू