पळी पालथी ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा तराजू व वजनकाटे दुरुस्ती, सध्या निवृत्त, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. बायकोचे मत वेगळे आहे. ते तिने गॅसपाशी उभ्या उभ्या आत्ताच नोंदवले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही.

कलम १. राहते घर, गळक्या पत्र्यासह, बायकोच्या नावे. पत्रा येत्या रविवारी बदलतो असे मी अकरा वर्षे सांगत आलो. तो रविवारही तिलाच.

कलम २. बँकेतली शिल्लक बायको व मुलगी यांना निम्मी निम्मी. पासबुक उघडताना फार आशा ठेवू नये.

कलम ३. दुकानातली हत्यारे आणि पितळी वजनांची पेटी मुलीला. जन्मभर मी लोकांच्या तराजूंतला गुंजभर फरक शोधला आणि घरी मीठ मात्र अंदाजाने टाकले. यावर ती पोट धरून हसते. तो हक्क तिच्याकडे कायम राहील.

कलम ४. मोठे पातेले बायकोला. ती रुग्णालयात परिचारिका, कामाची पाळी दुपारी सुरू व्हायची, म्हणून सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचे जेवण माझ्या गळ्यात पडले. माझा नियम असा: एक पातेले, एक गॅस, अर्धा तास, आणि बाजारात स्वस्त असेल ते. बटाटे, घेवडा, तांदूळ. शुक्रवारी उरलेसुरले सगळे एकत्र करून वर अंडे. मुलगी लहानपणी विचारायची, "बाबा, आज काय?" मी म्हणायचो, "कालचंच, पण आज वेगळं दिसतंय." पातेल्याच्या बुडाचा काळा डाग घासू नये. मी घासून थकलो आहे.

कलम ५. मेव्हणा एकदा जेवायला आला आणि म्हणाला, "दाजी, हे खायचं की प्यायचं?" एवढे बोलून तीनदा वाढून घेतले. त्याला गाळणी द्यावी. बाकी काही नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र खरे तर याच कलमासाठी लिहिले.

बायको दुपारी निघताना घेवडा मीठ घालून उकडून जायची. संध्याकाळी मी येऊन पुन्हा मीठ घालायचो. असले तीन आठवडे मी आणि मुलीने पाण्यावर काढले. मग ठरले: मीठ घातले की झाकणावर पळी पालथी ठेवायची, उताणी दिसली तर अळणी. एकदा भांडण होऊन आमचे नऊ दिवस बोलणे बंद होते. पळी मात्र रोज पालथी असायची.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझे मीठ बंद केले. मी बायकोला म्हटले, "तुझ्यापुरतं वेगळं करतो."

"एक पातेलं, एक गॅस. नियम कुणाचा?"

"मग ताटात तरी वरून घे."

"मी खाऊ आणि तुम्ही बघत बसा? काही नको."

तेव्हापासून पळी उताणी.

आता कबुली देतो. पहिले वर्षभर मी काटा तपासायच्या निमित्ताने किराणावाल्याकडे रोज मूठभर खारे शेंगदाणे खात होतो. इतका तपासला की काटा बिघडला. मग एके दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, आई माझ्याकडेही अळणीच मागते. म्हणते, इथे चव लागली तर घरी जड जाईल." त्या दिवशी मला माझी लाज वाटली. शेंगदाणे सुटले. बायकोला सांगायची हिंमत मात्र आजवर झाली नाही.

सबब माझी अखेरची इच्छा अशी की, माझ्यामागे पहिल्याच दिवशी जे शिजेल त्यात तिने तिच्या जिभेला रुचेल एवढे मीठ घालावे आणि पळी पालथी ठेवावी. मी हजर नसल्याने तिला वाद घालता येणार नाही. तिच्याशी जिंकायची मला ही एवढीच संधी आहे.

साक्षीला बोलावलेले डॉक्टर चष्मा विसरून आल्यामुळे वरील सर्व मजकूर साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे.

दुरुस्ती, त्याच दिवशी. सही करून मान वर केली तर पातेल्यावर पळी पालथी. डॉक्टर दचकले. बायको म्हणाली, "घाबरू नका, यांचं आधी काढून ठेवलंय." मग माझ्याकडे वळून, "खिशात सालं असायची. कपडे कोण धुतं या घरात?"

मी विचारले, "माहीत होतं, तरी अळणी खाल्लंस?"

"तुम्ही सोडलेत तेही कळलं होतं. सांगता कधी, तेवढं बघत होते. आणि पळी पालथी करायला तुमच्या मरणाची वाट कोण बघणार? बसा जेवायला."

येणेप्रमाणे कलम ६ ची तामील माझ्या हयातीतच झाली असून ते रद्द समजावे. बाकी कलमांची घाई नाही.

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. किराणावाले (सही, काटा अजून बिघडलेलाच आहे)

लिहून ठेवणार: तराजूवाले (सही)

ठिकाण: स्वयंपाकघर
दिनांक: ३ जून २०२५, मंगळवार