हिरवी राहिलेली बाटली

कराड, बुधवार, १७ नोव्हेंबर १९७६

बाटली संध्याकाळीही हिरवटच. खनिजातलं तांबं सोडवणारे माझे जिवाणू धड असले की पाणी विटकरी होतं. वाढीला लागणारं फॉस्फेट तोडून मी त्यांना उपाशी ठेवलं होतं, उपासमारीची पहिली खूण कोणती ते बघायला. रंग हळूहळू मंदावेल असं वाटलं होतं. आज तो चढलाच नाही. असं एकदम?

मग बुचापाशी मुंग्या दिसल्या. आम्लाच्या बाटलीला मुंग्या?

भाऊंना विचारलं. प्रयोगशाळेचे शिपाई, पलटणीतून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "बाई, तुमीच म्हणला न्हवं, मुद्दाम उपाशी ठेवलंय. मला काय ऱ्हावलं न्हाई. वाइच गुळाचं पानी घातलं."

गूळ. उन्हातून आलेल्याच्या हातावर आपण ठेवतो तो. या दगड खाणाऱ्यांना तोच बाधतो. आता ते उपाशी राहून थांबले की गुळानं, कसं सांगणार? पावसाळाभर त्यांना या खनिजाची सवय लावली. आणि बाटली एकच.

मी रागावणार होते. पण 'उपाशी' हा शब्द माझाच. मी 'फॉस्फेट कमी केलंय' म्हणाले असते, तर भाऊंनी मान हलवली असती आणि बाटलीला हात लावला नसता. रंग कशानं थांबला ते निदान कळलं तरी असतं.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या घालू का परत?"

"नको," मी म्हणाले. "पोट भरलंय त्यांचं."

तेव्हा कुठे त्यांनी निर्धास्तपणे कुलूप लावलं.