सात भोकांची फळी

अब्बा, तुमच्यासारख्याच एका सुताराची नोकरी आज मी घालवली. सकाळपासून मला माझीच किळस येतेय.

दुबईत मी लोकांची घरं सजवते, हे तुम्ही गेल्यानंतरचं. सिलिकॉन ओएसिस भागातल्या एका चिनी इंजिनिअरला आईच्या सत्तरीसाठी जेवणाचं टेबल हवं होतं. लहानपणी आईनेच त्याला सप्तर्षी दाखवलेले, म्हणून टेबलावर ते सात तारे हवेत. मी मोबाइलवर शोधलं. लांब फळी, तिला सात भोकं, त्यांना जोडणारी खाच, असा जुना चिनी नमुना सापडला. खाली काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट कोण घेतो? चित्र उचललं आणि "युनिक पीस" म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं. परदेशात शिकलेल्या त्या मुलालाही काही खटकलं नाही.

काल टेबल पोचवलं. म्हातारी बसणार, तेवढ्यात तिची नजर भोकांवर गेली. बोटाने तिने सातही मोजली आणि हात मागे घेतला. ती काय म्हणाली ते मुलाने मान खाली घालून मला सांगितलं. त्यांच्याकडे दीर्घायुष्य सप्तर्षींकडेच मागतात, पण मरणही त्यांच्याच हाती. अशी फळी शवपेटीत प्रेताच्या पाठीखाली घालतात. नवऱ्याला तिने अशाच फळीवर निजवलं होतं. केक कोणी कापला नाही.

मला रत्नागिरीतला आपला कारखाना दिसतो. मय्यताला आंघोळ घालायचा मशिदीचा नवा तख्ता तुम्ही नुकताच घासून ठेवलाय, आणि मी त्यावर पाय हलवत काजू खातेय. तुम्ही मारत नाही. उचलून खाली ठेवता आणि म्हणता, "फळी कशासाठी हाय ते आधी विचारायचं, मग हात लावायचा."

आमच्या सुताराने विचारलं होतं, अब्बा. गोरखपूरकडचा माणूस, कानावर तुमच्यासारखीच पेन्सिल. "मॅडम, ये छेद किसलिए?" डिझाइन आहे, तुम्ही बनवा, एवढंच मी म्हटलं. आज मॅनेजरने चूक कोणाची विचारलं, तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता. ड्रॉइंगमधली भोकं मी तोवर पुसून टाकली होती.

मी म्हणाले, "ड्रॉइंग ठीक था. इसने अपने मन से छेद कर दिए."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मॅनेजर "खलास" म्हणाला आणि त्याचं परतीचं तिकीट काढायला सांगून चहा प्यायला गेला. त्या चहाला मला बोलावलं, आणि मी गेलेसुद्धा.

तिकीट परवाचं आहे. मॅनेजरला दोन ओळींचा ईमेल केला तर सुताराचं जाणं थांबेल. खरं सांगते, तो ईमेल लिहायलाच बसले होते. तुम्हाला लिहीत बसले, कारण तुमचं उत्तर येणार नाही.