पॅसेजच्या टोकाची भिंत

सोमवार, ३

आले एकदाची. जागा बेहद्द आवडली. पूर्वी हा ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. तो विकला गेला आणि आता इथे शास्त्रज्ञांच्या परिषदा भरणार आहेत. प्रार्थनागृहाचं सभागृह झालंय, आणि वरच्या मजल्यावर जिथे नन राहायच्या तिथे पाहुणे राहतील. बारा खोल्या, बारा पलंग. चादरी, टॉवेल, झाडलोट, सगळं माझ्याकडे. अठरा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत उकडून निघाल्यावर ही म्हणजे चैनच. ताईने फोनवर बजावलं, की मागची नोकरी तोंडामुळे गेली, इथे तरी जरा गप्प बस. बरं म्हटलं. मॅनेजर सभ्य वाटतो. अंगावरच्या कपड्यांना एक सुरकुती नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्री ठेवलंय.

बुधवार, ५

पहिली परिषद शुक्रवारी. दुपारी तीनच्या सुमाराला वरच्या पॅसेजच्या टोकाला चादरींच्या घड्या घालत होते. तिथली भिंत बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहे, रंगही नवा. तिच्या आतून टकटक आली. तीनदा. थांबली. परत तीनदा. इस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, जुनी इमारत आहे, पाइप वाजतात. मग मी प्लंबरलाच विचारलं. तो म्हणाला, त्या बाजूने पाइप गेलेलाच नाही. हे इस्त्रीला ऐकवलं, तर म्हणतो, तुम्ही चादरी बघा. चादरीच बघत होते की मी.

गुरुवार, ६

माळीकाका नन होत्या तेव्हापासून इथे आहेत. त्यांना सरळ विचारलं. आधी झारीत डोकं घातलं, मग बोलले. नन तेरा होत्या. मठ रिकामा करायच्या दिवशी बसमध्ये बारा बसल्या. तेरावी, कपडे धुणारी म्हातारी, म्हणाली मी येणार नाही, आणि टोकाच्या खोलीत जाऊन कडी लावून बसली. इस्त्रीने सगळ्यांना सांगितलं, तिला संध्याकाळी नातेवाईक घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी आले. तिला खाली उतरताना काकांनी पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही. याला अकरा महिने झाले.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. त्यांनी बोलून पाहिलं होतं म्हणे. इस्त्रीने एवढंच विचारलं, बागेतली खोली तुम्हाला अजून हवी आहे ना. काका रडायला लागले. माझा काही जीव कळवळला नाही. अकरा महिने हा माणूस त्याच खोलीखाली गुलाबांना पाणी घालत होता.

शुक्रवार, ७

परिषद ध्वनिशास्त्राची निघाली. म्हटलं, झालं, आवाजातलंच कळणारी माणसं आली. एका प्रोफेसर बाईंना वर नेलं. त्यांनी भिंतीला यंत्र लावलं. मी बोटाने दोनदा वाजवलं, आतून दोनदा आलं. चारदा वाजवलं, चारदा आलं. बाई खूश. उष्णतेने विटा प्रसरण पावतात, त्यात प्रतिध्वनी मिसळतो, असं काहीसं म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, आत माणूस आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बाकीच्यांना बोलावून आणलं.

दहाबारा शिकलेली माणसं, हातात चहाचे कप, भिंतीला कान लावून हसत उभी होती. अंगाची लाही लाही झाली. पोलिसांना फोन केला. त्यांनी मॅनेजरला द्या म्हणून सांगितलं, आणि इस्त्रीने गोड बोलून मिटवलं. मग त्या भिंतीपुढे कुंड्या आणून ठेवल्या आणि मला म्हणाला, रविवारनंतर बघू.

रविवारनंतर. अकरा महिन्यांत तुझा रविवार आला नाही का रे, मेल्या.

शनिवार, ८

सगळे हिरवळीवर फोटोला गेले तेव्हा कुंड्या सरकवल्या आणि हातोडा घातला. एकेरी वीट. अर्ध्या तासात अंग जाईल एवढं भोक पडलं. हात सोलले, पण थांबले नाही.

खोली नीटनेटकी. चादरीचे कोपरे चापून दुमडलेले, आम्ही लाँड्रीत शिकवायचो तसे. आणि भोकाच्या बाजूच्या कोपऱ्यात ती. बसलेली. गुडघे पोटाशी, सुकून लाकूड झालेली. मुठीत चमचा, घासून अर्धा झालेला. विटांवर हात पोचेल तिथपर्यंत खरवडलेलं.

मेलेली आहे. कधीचीच मेलेली आहे. मग काल मला उत्तर —

तिच्या अंगावर पलंगावरची चादर घातली. शेजारी बसून हे लिहिते आहे. खाली जाणार नाही. इस्त्री इथे येऊ दे. डोकं आत घालू दे. बघू दे हिच्याकडे. मगच —

आला. बरोबर गवंडी आहे. भोकात डोकावलासुद्धा नाही. जेवणं उरकायच्या आत बंद कर, एवढंच म्हणाला आणि गेला.

उठायला गेले. एप्रन अडकलाय.

अडकलेला नाही. चादरीखालून धरलाय.

ओरडले — निघत नाही — तोंडावर हात आहे. कोरडा. साबणाचा वास. खाली टाळ्या वाजताहेत, कोणाचं तरी भाषण —

एक ओळ झाली विटांची. थापी वाजते आहे. दादा मागे बघा —

मी तर तुला सोडवायला आले बाई. माझ्यावर का. त्यांच्यावर जा ना. खाली आहेत सगळे, जेवताहेत —

हात ढिला होत नाही. एवढा राग — माझ्यापेक्षा —

दुसरी ओळ. उजेड वीतभर. पान फाडून फेकते, त्याच्या पायाशी पडलं तर —

चमचा माझ्या मुठीत घालते आहे. बोटं एकेक करून मिटवते आहे. कानाशी म्हणते, मी दमले, आता तू —

गवंडीदादा आत बाई आहे जिवंत आहे थांबा ती वीट लावू न