नमुना क्रमांक सात

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोरगी मला शिकवायला निघाली! सत्तावीस वर्षं माती चावतोय मी. दोन मिलिमीटरच्या वर खडी, त्याखाली वाळू, मग पोयटा, सगळ्यांत बारीक चिकणमाती. वाळू डोळ्यांना दिसते. पुढच्या दोघांचा निवाडा दाढेखाली — पोयटा कचकचतो, चिकणमाती लोण्यासारखी पसरते. सात नंबर चावला. लोणी! वहीत लिहिलं : चिकणमाती.

तर ही नवी भूवैज्ञानिक, येऊन जेमतेम तीन महिने — "सर, एकदा नळीत बघू या का?"

बघ बाई. घे हौस फेडून.

४ फेब्रुवारी

माती पाण्यात ढवळून काचेच्या नळीत ठेवली आणि घड्याळ लावून बसली. कोणता कण किती वेळात तळाशी बसतो, त्यावरून म्हणे ठरवायचं. म्हणे! ही शाळेत जात होती तेव्हा मी तेच करत होतो. तिचं उत्तर : पोयटा. म्हटलं, नळी तरी नीट धुतली होतीस का? तिचे डोळे भरून आले. येऊ देत.

५ फेब्रुवारी

कवळी आता टोचत नाही. दंतवैद्य म्हणालाच होता, पंधरा दिवसांत सवय होईल. चला, एका तरी माणसाला आपलं काम येतं!

६ फेब्रुवारी

थेट साहेबांकडे गेली! मी तिथेच बसलेला! "सर, ही माती तलावाच्या तळाला घालणार आहेत. पोयटा असला तर पाणी झिरपून जाईल. अख्ख्या गावाचं प्यायचं पाणी आहे." जसं काही मला ठाऊकच नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

साहेब म्हणाले, "तुम्ही सांगा." त्यांच्यादेखत पुन्हा चावला. तेच लोणी. "मग प्रश्नच मिटला." सही ठोकली. सोमवारी सकाळी माती टाकायला सुरुवात.

जाताना दारात थांबली. "मीही चावून पाहिली, सर. मला कचकच लागली."

आता माझ्या दाढांशी बरोबरी! हद्द झाली.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवताना बायकोने पालेभाजीचा पहिलाच घास हातात काढला. "अगबाई, धुवायचीच राहिली वाटतं! केवढी कचकच ही. आणि तुम्ही गपचूप कसे जेवताय?"

मी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती.

ताटावरून उठलो. आधी साहेबांना फोन लावला, मग पोरीला.