ज्याने सांगितले त्याला नदीकाठची जमीन

मी, क्लेमंट जोसेफ गॅव्हिगन, वय त्र्याहत्तर, राहणार रेल्वे रस्ता, कुलबारा, रिव्हरिना, न्यू साउथ वेल्स, एकेकाळचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला मधल्या फळीतला खेळाडू, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला इथल्या डॉक्टरांनी दिला, पण ते माझ्या मुलीच्या शाळेतले मित्र निघाले, म्हणून शंभर किलोमीटर गाडी चालवून दुसऱ्या डॉक्टरांचाही दाखला आणला. दोन्ही सोबत जोडले आहेत. याआधीची माझी तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. एक मी शेगडीत जाळले, एक वकीलबाईंकडे आहे, आणि तिसरे कुठे आहे हे ज्याला माहीत असेल तो माझ्या कागदांत हात घालत होता हे उघड आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील ॲनिका बेल यांनी करावी. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे अद्याप काही नाही.

कलम २. राहते घर माझी मुलगी टेरेसा हिला द्यावे. ती ते विकणार, हे मला ठाऊक आहे. गेल्या नाताळात ती परसात एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत चालत होती. काय करतेस विचारले तर म्हणाली, “काही नाही बाबा, पाय मोकळे करतेय.” पाय मोकळे करणारा माणूस कुंपणाशी थांबून आकडे पुटपुटत नाही. तरीही घर तिचेच, कारण मी आजारी पडल्यावर दर पंधरा दिवसांनी सहा तास गाडी चालवून येणारी तीच एकटी आहे.

कलम ३. माझी कुत्री फ्लो ही परिचारिका ग्वेंडा पिल यांना द्यावी. ग्वेंडाबाई रोज सकाळी माझ्या पायाचे बँडेज बदलायला येतात. फ्लो त्यांच्यावर भुंकत नाही. आधी मला यात काहीतरी पाणी मुरतेय असे वाटले आणि मी लक्ष ठेवले. बाई तिला खिशातून सॉसेजचे तुकडे देतात. हरकत नाही.

कलम ४. स्टेशनसमोरच्या पबवाल्याने माझे जुने बूट काचेच्या कपाटात ठेवायला मागितले आहेत. ते त्याला देऊ नयेत. त्या पबात दर शुक्रवारी मटणाच्या ट्रेची सोडत असते. एकतीस वर्षे मी न चुकता तिकीट घेतले आणि एकदाही माझा नंबर लागला नाही. एकदा मी सर्वांसमोर चिठ्ठ्यांचा डबा उघडून दाखव म्हणालो. पबवाला म्हणाला, “क्लेम, तुझा आईवर तरी विश्वास होता का रे?” सगळे हसले. डबा मात्र उघडला नाही.

कलम ५. माझ्या कारकिर्दीची कात्रणे, लोखंडी पेटीसह, टेरेसाला द्यावीत. त्यात काय आहे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी पाने काढली तर कळेल. शहरातल्या मोठ्या लीगमध्ये मी दोनशे चौदा सामने खेळलो. उंचीने कमी, पण गर्दीतून चेंडू काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. प्रशिक्षकाशी भांडून मी एकदा ऐन हंगामात घरी निघून आलो. पंचाच्या हातातून शिट्टी हिसकावल्याबद्दल दोन सामने बाहेर बसलो. रेडिओवर आमच्याच क्लबच्या चिटणीसाला लबाड म्हणालो आणि माफी मागितली नाही. हे सगळे खरे आहे आणि त्याचे मला काही वाटत नाही.

उरले १९७७. त्या वर्षीचा साखळीतला शेवटचा सामना. रॉस पेडन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्यावर नेमला होता. पहिल्या शिट्टीपासून तो मला चिकटून होता, शर्ट ओढत होता आणि कानाशी बडबडत होता. चारपैकी तिसऱ्या डावात चेंडू लांब असताना पेडन जमिनीवर पडला आणि त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. माझे कोपर आणि त्याचा जबडा एकाच वेळी एकाच जागी होते, एवढेच मी आजवर म्हणत आलो आहे. पंचांनी पाहिले नव्हते. कॅमेरा तेव्हा एकच असायचा आणि तो चेंडूबरोबर जायचा.

आमच्यात मैदानावरचे मैदानावरच राहते. मार खाणाराही शिस्त समितीपुढे येऊन मारणाऱ्याला वाचवतो. हे कुठे लिहिलेले नाही, पण जो मोडेल त्याच्याशी पुढे कोणी बोलत नाही. पेडनने ते पाळले. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून त्याने कागदावर लिहून दिले, ‘मी घसरलो.’ मंगळवारी समितीपुढे तो कागद वाचला गेला आणि मी टोपी उचलून निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले की आपल्यापुढे आणखी एक साक्ष आहे, आणि साक्षीदाराने नाव गुप्त ठेवायला सांगितले आहे. मला चार सामन्यांची बंदी झाली. अंतिम सामना माझ्याविना झाला आणि आम्ही पाच गुणांनी हरलो; आमच्या खेळात एका गोलाचेच सहा गुण असतात.

कलम ६. पदकाबद्दल. लीगमधल्या सर्वोत्तम आणि निर्मळ खेळाडूला पंचांच्या मतांवरून पदक मिळते. ज्याला बंदी झाली तो निर्मळ नाही, म्हणून बाद. त्या वर्षी भर सभागृहात मते मोजली गेली तेव्हा माझी एकोणीस होती. सतरा मते असलेल्याला मंचावर बोलावले. तो होता आमच्याच क्लबचा एल्विन नोस्के, माझ्या लग्नातला पाठराखा. पेडन पडला तेव्हा सर्वांत जवळही तोच होता. त्याने मंचावरून माझ्याकडे पाहिले आणि मी मान फिरवली. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. निवृत्तीनंतर दोघेही याच गावी परतलो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो, आणि तो दिसला की मी रस्ता ओलांडतो.

आता टेरेसाने लीगकडे अर्ज केला आहे की बंदी चुकीची होती, पदक माझ्याही नावावर करावे, मी नसलो तरी करावे. तिचा सगळा भर पेडनच्या त्या कागदावर आहे. तिने पेडनला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “लिहिलंय तसंच, मुली. घसरलो.” अजूनही तेच. निकाल पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर माझ्या बाबतीत पुढचा महिना धरून चालत नाहीत.

मला पदक हवे आहे. पण मरण्याआधी त्याहून जास्त हवे आहे ते नाव. मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. मालिशवाल्यावर घेतला, कारण त्याने त्या हिवाळ्यात नवी गाडी घेतली. प्रशिक्षकावर घेतला. माझी बायको मोरीन हिच्यावरही घेतला, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. ती वारली त्या आठवड्यात, अजून घरात लोक भेटायला येत असताना, मी तिची पत्रांची पेटी उघडली. तिच्यात फक्त माझीच पत्रे होती.

कलम ७. सबब नदीकाठची चाळीस एकर जमीन, निलगिरीच्या झाडांसह आणि पंपासह, ज्याने १९७७ साली शिस्त समितीला सांगितले त्याला द्यावी, मात्र त्याने माझ्या हयातीत ‘मीच सांगितले’ असे कबूल केले पाहिजे. हे आमिष आहे, हे मी लपवत नाही. या कलमाची नक्कल ग्वेंडाबाईंच्या हाती एल्विन नोस्के याच्याकडे पाठवत आहे.

इथवर सोमवारी लिहिले. पुढचे शुक्रवारी लिहीत आहे.

कलम ८. काल सकाळी एल्विन आला. फ्लो त्याच्यावरही भुंकली नाही.

“बस,” मी म्हणालो.

“सत्तेचाळीस वर्षं मला बघून रस्ता ओलांडतोस आणि आता बस म्हणतोस?” असे म्हणत तो बसला. चष्मा लावून त्याने खिशातली नक्कल काढली. “म्हणजे मी हो म्हटलं तर चाळीस एकर माझी?”

“हो.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर तू खोटं बोललास.”

“शाबास! तसूभर बदलला नाहीस.” तो ग्वेंडाबाईंकडे वळला. “बाई, हा तुम्हालाही असंच छळतो का?”

“मी बँडेज घट्ट बांधते,” त्या म्हणाल्या.

एल्विनने विचारले, “साक्षीदार कोण आहेत याला?”

मी म्हणालो, एक ग्वेंडाबाई, कारण कुत्री त्यांना मी आजच देऊन टाकणार आहे. दुसरा ठरायचा आहे.

“माझं नाव घाल.”

मी त्याला सांगितले की आपल्याकडे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याने सही केली की जमीन गेली.

“माहितीये. माझ्या मावशीच्या वेळी माझ्या बहिणीची अशीच गेली. म्हणून तर म्हणतोय. आधी नाव लिही, शाईने. मग बोलतो.”

यात त्याचा काय फायदा, हे मी बराच वेळ शोधत होतो. मला तो सापडला नाही. शेवटी ग्वेंडाबाई म्हणाल्या, “क्लेम, पेन उचला हो. चहाचं पाणी झालं.” मी नाव लिहिले. त्याने ते स्वतः वाचून पाहिले, शाई वाळू दिली आणि म्हणाला, “मीच सांगितलं.”

मला वाटले होते की हे ऐकून बरे वाटेल. नाही वाटले.

“त्या रविवारी आपण पेडनकडे दवाखान्यात गेलो, द्राक्षं घेऊन,” तो म्हणाला. “तू वाक्य सांगत होतास आणि ते पोरगं लिहीत होतं. कागदाखाली फळी मी धरली होती. ‘घसरलो’ लिहिताना त्याचा हात थांबला. त्यानं वर बघितलं. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेलो.”

“पदकासाठी गेलास.”

“तेच तर! पेपरवाले तुझं नि माझंच नाव घेत होते. त्या पोरासाठी गेलो की पदकासाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. एकदा सांगितलं आणि पदक मिळालं. आता परत तेच सांगून जमीन घेऊ? मग मी कशासाठी सांगितलं होतं त्याचा निकालच लागला की.”

“इतकी वर्षं गप्प का राहिलास?”

“तू विचारलंस कधी?”

मी विचारले नव्हते. मालिशवाल्याच्या गाडीची चौकशी केली, मेलेल्या बायकोची पेटी उचकली, पण दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसाचे दार वाजवले नाही.

तो उठला, दाराशी गेला आणि तिथून म्हणाला, “कोणी सांगितलं, कोणी सांगितलं, हेच करत बसलास आयुष्यभर. काय सांगितलं होतं रे मी? खोटं होतं का त्यातलं काही?”

मग “उद्या सहीला येतो,” म्हणाला आणि गेला. रात्रभर मला त्याच्यावर चिडायचे होते आणि नीटसे जमले नाही.

कलम ९. नदीकाठची जमीन आता बिनशर्त टेरेसाला द्यावी. तिने लीगकडे केलेला अर्ज मागे घ्यावा. ती रागावेल. सकाळी फोनवर रागावलीच: “बाबा, दोन वर्षं घातली मी यात! आता काय सांगू त्यांना?” त्यांना पुढील मजकूर दाखवावा आणि याची एक प्रत रॉस पेडन यास पाठवावी.

पेडन घसरला नव्हता. चेंडू साठ पावले दूर होता. मी मागे वळून पंच पाठमोरा असल्याची खात्री केली आणि मग त्याला कोपराने मारले. ‘मी घसरलो’ हे वाक्य माझे आहे, फक्त अक्षर त्याचे. माझ्यासाठी तो आजही खोटे बोलतो आहे. ते त्याने आता थांबवावे. मी त्याची माफी मागतो. १९७७ चे पदक एल्विन नोस्के याचे आहे, आणि ते योग्य माणसाला मिळाले, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड नाही. प्रत्येक पानावर सही केली आहे आणि मधे पान घालता येऊ नये म्हणून पानांना क्रमांक दिले आहेत.

स्थळ: कुलबारा
दिनांक: ९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार
क्लेमंट जोसेफ गॅव्हिगन

साक्षीदार १: ग्वेंडा रूथ पिल, परिचारिका. क्लेम यांनी आम्हा दोघांदेखत सही केली. कुत्री मला कालच मिळाली.

साक्षीदार २: एल्विन कार्ल नोस्के, निवृत्त मेंढपाळ. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. कलम ९ मी वाचले, ते मी पाहिले होते तसेच आहे. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.