टॅमरॅक पॉइंटला नावं ठेवा

२ सप्टेंबर, मंगळवार

आले एकदाची! ट्रेलर जागेवर लावला, पाणी आणि वीज जोडून घेतली, घरून धुऊन आणलेले पडदे टांगले आणि आता खिडकीपाशी कॉफी पीत बसले आहे. सुट्टीची गर्दी काल पांगली. तळं समोरच आहे. बर्चची पानं पिवळी व्हायला लागली आहेत. हवा अशी की छातीत साठवून ठेवावी.

इथला मॅनेजर डेल कोस्की माझा जुना विद्यार्थी. रसायनशास्त्रात काठावर पास झाला होता. अजून मला ‘मिसेस लुंडीन’ म्हणतो आणि अजून खांदे पाडून उभा राहतो. मी ताठ उभं राहायला सांगितलं, तर राहिला.

ऑक्टोबरअखेरपर्यंत मी इथल्या कॅम्पची यजमान. पगार नाही, जागा फुकट. बदल्यात सरपणाच्या मोळ्या विकायच्या, स्वच्छतागृहं झाडायची, कुत्री मोकाट सोडणाऱ्यांना दटावायचं. शेवटचं काम तर मी पदरचे पैसे घालूनही केलं असतं.

व्हर्ना बारा तारखेला येते आहे. आम्हा दोघी बहिणींचे नवरे गेल्यावर आम्ही ठरवलं होतं, मिनेसोटातल्या प्रत्येक स्टेट पार्कमध्ये मुक्काम करायचा आणि त्यातलं एक निवडायचं. मग दोघींनी घरं विकायची, एक मोठा ट्रेलर घ्यायचा आणि उरलेले सगळे उन्हाळे तिथे एकत्र काढायचे. टॅमरॅक पॉइंट तेवढं राहिलं होतं. व्हर्नाची अडचण अशी की तिला प्रत्येक पार्क सगळ्यांत जास्त आवडतं. छातीवर हात ठेवून ती पार्किंगच्या डांबराचंही कौतुक करेल. पण या वेळी एकच नाव ठरवायचं, असं मी बजावलं आहे.

मला हे व्हायला हवं आहे. माझ्या घरात फार शांतता आहे. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिणार नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

जागा उत्तम आहे. सकाळी धुकं पाण्यावरून उठतं तेव्हा हातातलं काम थांबतं. ट्रेलरमधली खिडकीलगतची ही खुर्ची म्हणजे जगातली सगळ्यांत चांगली बसायची जागा, असं मी आज मोठ्यांदा म्हणून टाकलं. स्प्रूसचा एक थोराड वृक्ष मध्ये येतो आणि अर्धं तळं झाकतो, तेवढं मात्र खुपतं. तेही म्हणून टाकलं. एकटीच्या राहण्याने ही सवय लागली आहे.

पाण्याकडच्या जागेवर मावीस आणि हार्लन ब्रेके हे जोडपं उतरलं आहे. दर सप्टेंबरात येतात, कित्येक वर्षं. आणि तक्रारी किती! पाणी गढूळ, डास गाढवाएवढे, रस्ता भिकार. मी सरळ विचारलं, मग येता कशाला? हार्लन झाडांकडे बघत राहिला. मावीस म्हणाली, ‘‘सवय, दुसरं काय!’’ मग माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली की कुणी विचारलंच तर बीव्हर बेंड पार्क बरं म्हणायचं. आणि मोठ्यांदा म्हणायचं.

मी काय ते ओळखलं. आमचे वडील शेजाऱ्यांना सांगायचे, आमच्या ओढ्यात मासा उरलाच नाही, आणि रविवारी टोपली भरून आणायचे. चांगली जागा दडवून ठेवायची आमच्या लोकांची ही जुनी खोड. गर्दी नको म्हणून खोटं बोलायचं. मला हा क्षुद्रपणा वाटतो.

डेलही त्यांतलाच. रोज सकाळी फाटकापाशी गाडीतून उतरतो, ‘‘काय भिकार जागा आहे,’’ असं खणखणीत म्हणतो आणि मगच आत येतो. मी त्याला झापलं. कान लाल झाले, पण आज सकाळी पुन्हा म्हणालाच.

६ सप्टेंबर, शनिवार

सूर्य मावळताना सगळ्यांनी एका शेकोटीभोवती आपापले डबे आणले. मावीसचं भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश फारच चांगलं होतं. खाण्याआधी तिने त्यातला मोठा वाटा एका ताटलीत काढून झाडीच्या कडेला ओंडक्यावर नेऊन ठेवला. रॅकूनांना बोलावणं आहे हे, असं मी म्हटलं. तिने ऐकलं नाही.

मग नेहमीचा खेळ निघाला, कुणाला कोणतं पार्क सगळ्यांत आवडतं. एकाने बीव्हर बेंड सांगितलं, दुसऱ्याने बीव्हर बेंड, हार्लनने तर ओरडून बीव्हर बेंड. हसू आलं मला. एवढी वर्षं मुलांना शिकवलं की दिसलं ते लिहा, हवं ते लिहू नका. तर माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि स्वच्छ सांगितलं की या राज्यातली सगळी पार्कं मी पाहिली आहेत आणि टॅमरॅक पॉइंट मला सगळ्यांत जास्त आवडलं.

कुणी टाळी वाजवली नाही. हार्लनने चमचा खाली ठेवला. मावीस म्हणाली, ‘‘अगं बाई, मी तुला सांगितलं होतं ना!’’ आणि मग अंधारत्या झाडांकडे तोंड करून जोरात ओरडली, ‘‘तिला काही कळत नाही हं! नवी आहे ती!’’

कुणाला सांगत होती कोण जाणे. तिकडे कुणीही नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

ब्रेके जोडपं कॉफीसुद्धा न घेता निघालं. मावीसने मला मिठी मारली. ती काही मिठ्या मारणाऱ्यांतली नाही.

स्प्रूस नाही.

खिडकीतून सगळं तळं दिसतं. मी बाहेर जाऊन पाहिलं. बुंधा नाही, भुसा नाही, खड्डाही नाही. सपाट शेवाळ. एवढं झाड मुळासकट काढायला यंत्र लागतं आणि यंत्राचा आवाज होतो. मी डेलचे आभार मानले, आधी सांगायला हवं होतंस असंही सुनावलं. त्याचा चेहरा उतरला. माझ्या पायरीवर मटकन बसला आणि विचारलं, ‘‘मिसेस लुंडीन, तुम्ही काल शेकोटीपाशी काय बोललात?’’

८ सप्टेंबर, सोमवार

दारात फोडलेलं सरपण रचून ठेवलेलं आहे. मी जशी रचते तसंच, साल वर करून. डेलने रचलेलं नाही.

दुपारी टोकाकडच्या झाडीत कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. सावकाश, सवयीच्या हाताचे. मी तिथपर्यंत गेले. घाव पुढे सरकले. आणखी गेले, आणखी सरकले. परत आले.

ब्रेके गेले त्या जागेवर एक माणूस आला आहे. सकाळपासून जनरेटर धडधडतो आहे. मी बंद करायला सांगितलं तर म्हणाला, ‘‘आजीबाई, जा, विणकाम करा.’’ तणतणत परत आले आणि किटली ठेवता ठेवता म्हटलं, हा मेला नाहीसा होईल तर बरं.

९ सप्टेंबर, मंगळवार

तो नाही. त्याची गाडी आहे. किल्ल्या गाडीतच आहेत. टेबलावर ताटलीत पॅनकेक अर्धा खाल्लेला, वरचा पाक अजून कडेने ओघळत होता. खुर्ची उभी. जनरेटर मुठीपर्यंत शेवाळात गेला आहे.

डेलने टोपी काढून हातात धरली आणि मग सगळं बोलला. माझ्याआधी इथे ऑर्व्हिल नावाचे यजमान होते, मावीसचे सख्खे भाऊ. त्यांनाही ही जागा फार आवडली आणि त्यांनीही चारचौघांत तसं सांगितलं. मग त्यांना हवं ते मिळत गेलं. शांतता हवी होती, तर एकेक माणूस कमी होत गेलं. शेवटी त्यांना घरी जावंसं वाटलं. तेवढंच मिळालं नाही. मावीस दर वर्षी येते ती त्यांची कुऱ्हाड ऐकायला आणि त्यांच्यासाठी ताटली ठेवायला.

नावं ठेवणाऱ्याला ही जागा सोडून देते, डेल म्हणाला. मनापासून ठेवली तर. तो स्वतः इथला खरोखरच तिटकारा करतो. ऑर्व्हिल त्याचे मित्र होते.

मी म्हटलं, मूर्खपणा आहे. मग त्या ताटलीकडे पाहिलं.

१० सप्टेंबर, बुधवार

निघाले. पुढे डेलची गाडी, मागे माझी. तो फाटकातून बाहेर पडला. मी त्याच फाटकातून गेले आणि वळण घेतलं तर समोर तळं, माझा ट्रेलर, माझी पायरी. पुन्हा गेले. पुन्हा पायरी. मग डेलने मला आपल्या शेजारी बसवलं आणि हात घट्ट धरला. रस्त्यावर पोहोचला तेव्हा त्याच्या हातात माझा हातमोजा होता. मी इथे, या खुर्चीत. समोर कॉफी, गरम.

काठावर उभी राहून मीही म्हटलं, घाणेरडी जागा आहे, भिकार आहे. गृहपाठ न केलेल्या मुलासारखा आवाज लागला माझा. मी तो आवाज आयुष्यभर ओळखत आले आहे. या जागेलाही तो ओळखू येतो.

कारण मला ती अजून आवडते. या क्षणीही.

इथून फोन लागत नाही, म्हणून व्हर्नाला फोन कर, येऊ देऊ नकोस, असं डेलला सांगितलं. संध्याकाळी निरोप आणला. हसली म्हणे. ‘‘आर्लिस फुगून बसली असेल. मी येतेच आहे, तिच्यासाठी भोपळ्याच्या वड्या भाजल्यात.’’

११ सप्टेंबर, गुरुवार

विचार नीट मांडायला हवा.

ती नको असं म्हणायचं नाही. मनातही आणायचं नाही. तिच्या बडबडीला कंटाळायचं नाही. तिच्याबद्दल एकही तक्रार नाही – तो पॅनकेक आठवायचा.

तिला खरं सांगितलं तर खात्री करायला ती आधी आजूबाजूला बघेल. आणि व्हर्ना बघते म्हणजे कौतुक करतेच.

एकच उरतं. तिला ही जागा आवडता कामा नये.

कचऱ्याचे डबे ओतले. शेकोटीत खरकटं पाणी टाकलं. आणखी आणायला वळले – मागे पाहिलं तर सगळं लख्ख. पायरीपाशी जांभळी ॲस्टरची फुलं. व्हर्नाची आवडती. तिचं नाव मी मोठ्यांदा घेतलं होतं का? आठवत नाही.

कुऱ्हाड आज जवळ होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आली. तेच गुलाबी जाकीट. डेलने फाटकात तिला सगळं सांगितलं, ती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, गोष्ट छान रचलीस.

गाडीतून उतरली. छातीवर हात गेला. ती काही बोलायच्या आत मी बोलले. तिच्याविरुद्ध एक शब्द नाही, तेवढं सांभाळलं. मी म्हटलं की घर विकायचं मी रद्द केलं आहे. मोठा ट्रेलर नको. एकत्र उन्हाळे नकोत. मला एकटीलाच राहायचं आहे, आधीपासूनच तसं होतं.

आयुष्यात एवढं खोटं एका दमात कधी बोलले नव्हते. हे मात्र तिला खरं वाटलं.

हात खाली आला. म्हणाली, ‘‘बाबा गेले तेव्हाही तू अशीच वागलीस, आर्लिस.’’ मग रडली. रडत रडत तळ्याकडे पाठ फिरवून म्हणाली, ‘‘मला बघायचंच नाही हे तुझं पार्क. भिकार जागा.’’

मनापासून म्हणाली! मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. हात पाठीमागे धरून उभी राहिले.

आपल्या गाडीतच झोपणार आहे. उजाडल्यावर निघेन म्हणाली. वड्यांचा डबा पायरीवर ठेवून गेली.

१३ सप्टेंबर, शनिवार

उजाडलं. ती सामान भरते आहे.

दार उघडत नाही. आतून मूठच नाही, मूठ होती तिथे शेवाळ. मीच म्हटलं होतं, ही खुर्ची सगळ्यांत चांगली –

उशी भरली. थर्मास भरला. लवकर कर गं.

कुऱ्हाड थांबली आहे. सगळंच थांबलं आहे, पानसुद्धा.

धुकं उठतं आहे. इतकं सुंदर कधीच – नाही. नाही. तिच्या बाजूची झाडं मागे सरकताहेत. एकेक, पाऊल न वाजवता. पाण्यावर लून पक्ष्याची जोडी, पाठीवर पिल्लं. सप्टेंबरात पिल्लं नसतात. व्हर्नाला आयुष्यभर ती बघायची होती, प्रत्येक पार्कमध्ये म्हणायची –

थांबली. गाडीचं दार उघडं. वळली.

मी काच बडवते आहे. आवाजच होत नाही.

तिचा हात छातीवर गेला. रडणं थांबलं. हसते आहे. माझ्याकडे बघते आहे, मला सांगायला. मी मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते –

व्हर्ना बोलू नकोस

मी खोटं बोलले मला तू हवी होतीस

गाडीत बस

भिकार म्हण नुसतं भिकार म्ह